पोरके कोणास म्हणावे?

संकटात सापडलेल्या मुलास घरातून उचलून ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारास असावा काय, हा वाद निघाला म्हणजे परदेशांतील उदाहरणे पुढे केली जातात. आमच्या मते त्यासाठी इतके लांब जावयास नको. गोमंतकाचा इतिहास चाळला तरी पुरे.

इ. स. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावे एक फर्मान निघाले. गोव्यातील ज्या अजाण हिंदू मुलांस आई, बाप, आजा, आजी यांपैकी कोणीही उरलेले नाही, त्यांस अनाथांच्या न्यायाधीशाने ताब्यात घेऊन जेझुइटांच्या सेंट पॉल विद्यालयाच्या स्वाधीन करावे व तेथे त्यांस बाप्तिस्मा आणि शिक्षण द्यावे, असा त्याचा आशय होता. गंमत अशी की, ज्या सेबास्तियन राजाच्या नावे हे निघाले तो त्या वेळी अवघा पाच वर्षांचा होता. बाप त्याच्या जन्माआधी अठरा दिवस वारला; आई काही महिन्यांतच स्पेनास निघून गेली; आणि राज्याचा कारभार पाहत होती त्याची आजी काथारिना. आजी असलेल्या मुलास फर्मानातून वगळले होते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

परंतु फर्मानाचा शब्द आणि अंमल यांत लवकरच अंतर पडले. पोर्तुगीज कायद्यात बाप मेलेले अल्पवयीन मूल म्हणजेच अनाथ; अशांच्या मालमत्तेची राखण करण्यासाठीच तिकडे तो न्यायाधीश असे. तीच व्याख्या येथे लागू झाली, आणि आई जिवंत असलेली मुलेही अनाथ ठरू लागली. आजा, चुलता, आत्या यांनी भरलेल्या घरात मूल पोरके कसे, हे लिस्बनच्या व्याख्येत बसणारे नव्हते. आमच्या धर्मशास्त्राने विधवेस मुलावर मोठासा हक्क दिला होता असे नव्हे. पण मूल तिच्या डोळ्यांसमोर तरी राही.

परिणाम व्हावयाचा तो झाला. घरातील कर्ता पुरुष गेला की शोक बाजूस ठेवून मुलांस लपविणे किंवा नदीपलीकडे आदिलशाही मुलखात पोचविणे, हे नातलगांचे पहिले काम होऊन बसले. लपविणाऱ्यांस शिक्षा होत असे, तरी हे थांबले नाही. कुठ्ठाळीचा मंगेश झुआरी ओलांडून प्रियोळास गेला तो याच फर्मानानंतरच्या दशकात. देवांच्या या स्थलांतराच्या कथा आम्ही आवडीने सांगतो. त्याच वाटेने गेलेल्या मुलांच्या कथा मात्र क्वचितच ऐकू येतात.

हे सारे करणारे पाद्री दुष्टच होते असे आम्ही म्हणणार नाही. मुलाच्या आत्म्याचे कल्याण आपण करीत आहो अशी त्यांतील कित्येकांची प्रामाणिक श्रद्धा होती, आणि म्हणूनच आईच्या आक्रोशाने त्यांचे मन द्रवले नसावे.

भारताच्या २०१५ च्या बालन्याय कायद्याने ताब्यात घेतलेल्या मुलास, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे आणणे आवश्यक केले आहे. त्यातील अनाथाच्या व्याख्येत मात्र, ज्याचा कायदेशीर पालक सांभाळ करण्यास राजी नाही किंवा असमर्थ आहे, असे मूलही येते. असमर्थ कोणास म्हणावे, हे ठरविणे अर्थातच पालकाच्या हाती नाही.