घर आधी, गाडी मागाहून

फराळाच्या ताटाशी बसून रेल्वेच्या खर्चाची गोष्ट सांगायची, म्हणजे वाचक म्हणतील, बाईंना दिवाळीत दुसरे काही सुचले नाही वाटते! पण आमच्या घरी दिवाळीला ही गोष्ट निघतेच.

१९८४ साली आम्ही परळची चाळ सोडून वाशीला राहायला आलो. दोन खोल्या, घरातच नळ, खिडकीतून वारा. आई हरखून गेली. बाबांची कचेरी मात्र फोर्टात. खाडीपुलावरून बसने मानखुर्द आणि तिथून लोकलने व्ही. टी. बस वेळेवर आली तर नशीब! रात्री ते दार वाजवीत, तेव्हा मी बहुधा झोपलेली असे. आकाशकंदील लावायलासुद्धा शेजारच्या काकांना बोलवावे लागे.

घर आधी आणि गाडी मागाहून, असे का झाले? कागदावर तर तसे नव्हते. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकात खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. तिचे मर्म घरांपेक्षा कामाच्या जागांत होते. मुंबई बेट दक्षिणोत्तर लांबट, कचेऱ्या बहुतेक दक्षिण टोकाला. म्हणून सकाळी सारी माणसे एकाच दिशेला धावतात. सरकारी कचेऱ्याच पलीकडे नेल्या, तर हा लोंढा फुटेल, असे त्यांचे गणित. ते पटले म्हणावे, तर १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. ३४४ चौरस किलोमीटरचा टापू, त्यात ९५ गावे. १९७३ साली खाडीवर पूलही झाला.

आणि नेमक्या त्याच सुमारास नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहत होते! मंत्रालय तर जागचे हललेच नाही. कामे दक्षिणेला राहिली, घरे पूर्वेला गेली आणि मध्ये बाबांसारखी माणसे बसच्या दांड्याला लोंबकळत राहिली. माझ्या मते मूळ चूक ही. रेल्वेचा उशीर तिच्या मागाहूनचा.

आराखड्यात रेल्वे होती, स्थानकांभोवतीच वसाहती आखल्या होत्या. घोडे अडले ते पैशापाशी. शेवटी सिडकोने खर्चाचा दोन तृतीयांश वाटा उचलला, रेल्वेने एक तृतीयांश. ९ मे १९९२ रोजी मानखुर्दची गाडी वाशीला आली. पुलानंतर एकोणीस वर्षांनी!

हा दोन तृतीयांश कुठून आला? सिडकोची मिळकत भूखंडांच्या विक्रीची. गाडी येणार म्हटले की जमिनीचा भाव चढतो. त्या चढीतून गाडीचा खर्च काढायचा. युक्ती नामी खरी. पण ती जमीन आगरी-कोळ्यांची भातखाचरे आणि मिठागरे होती, आणि भाव चढला तो त्यांच्या हातून ती गेल्यावर. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघरकडे गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय त्यानंतरचा. आम्ही त्याच वर्षी किल्ली घेऊन पेढे वाटले होते. आमच्या घराखाली कोणाचे शेत होते, हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

त्या उरणला लोकल पोहोचली १२ जानेवारी २०२४ रोजी. त्याच दिवशी शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणाऱ्या अटल सेतूचेही उद्घाटन झाले. सागरी पूल देखणा आहे, पण त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव. उरणच्या मासळीवालीला लोकलच बरी.

आमच्याकडे गाडी आली त्या महिन्यात एके संध्याकाळी दार वाजले. आईने घड्याळाकडे पाहिले आणि घाबरून विचारले, "बरं नाही का वाटत? लवकर आलात?" बाबा चपला काढत म्हणाले, "अगं, गाडीने आलो." आईने अजून देवापाशी दिवाही लावला नव्हता.