सांधे दुखतात, दाखवायचे कोणाला?

सांधे दुखू लागले की 'संधिवात' हा शब्द घरोघरी सहज उच्चारला जातो. प्रत्यक्षात या एका शब्दाखाली शंभराहून अधिक विकार मोडतात आणि ते सर्व एकाच तज्ज्ञाच्या कक्षेत येत नाहीत.

तज्ज्ञ कोणता?
गुडघ्याची वाढलेली झीज, दुखापत, अस्थिभंग आणि सांधेरोपण हे अस्थिरोगतज्ज्ञाचे क्षेत्र. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटल्याने होणारे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस किंवा ल्युपससारखे विकार मात्र संधिवाततज्ज्ञाने, म्हणजेच ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने पाहावेत. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक टिकणारा ताठरपणा, बोटांच्या व मनगटाच्या सांध्यांना सूज आणि सहा आठवड्यांनंतरही न ओसरणारे दुखणे ही त्याची ठळक लक्षणे. येथे विलंब महागात पडतो. सांध्याची हानी पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते आणि झालेली हानी औषधाने भरून येत नाही. एखादा सांधा अचानक लाल व गरम होऊन तापही आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पदवी कशी पडताळावी?
संधिवाततज्ज्ञ साधारणपणे एमबीबीएस व एमडी झाल्यावर ऱ्हुमॅटॉलॉजीत तीन वर्षांचा डीएम अभ्यासक्रम पूर्ण करतो. अस्थिरोगतज्ज्ञाच्या नावापुढे एमएस, डीएनबी किंवा डी. ऑर्थो. असते. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार, विशेष अर्हता नसताना स्वतःस तज्ज्ञ म्हणवता येत नाही आणि औषधचिठ्ठीवर नोंदणी क्रमांक देणे बंधनकारक आहे. हा क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदीत तपासता येतो.

तज्ज्ञ जवळ नसल्यास
संधिवाततज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांतच आढळतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. अन्यत्र प्रथम एमडी मेडिसिन डॉक्टरांना दाखवून त्यांच्या चिठ्ठीने पुढे जावे. जुने अहवाल, चालू औषधांची यादी आणि सुजलेल्या सांध्यांची छायाचित्रे सोबत न्यावीत.

'आठवड्यात हमखास गुण' देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून दूर राहावे. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने दुखणे दबते, रोग मात्र आत वाढतच राहतो. दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात व रक्तातील साखर वाढते. असे औषध बराच काळ घेतले असल्यास ते एकाएकी न थांबवता डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.