प्रीमियर ११८ एनई

प्रीमियर ११८ एनई : मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड या कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेली चार दरवाजांची कौटुंबिक मोटारगाडी. तिची बॉडी फियाट १२४ या इटालियन गाडीची असून साचे स्पेनमधील सेआट कंपनीकडून आलेले होते. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र निसान या जपानी कंपनीच्या तंत्राचे होते. नावातील ‘एनई’ ही अक्षरे ‘निसान इंजिन’ यावरून घेतलेली आहेत. बोलण्यात तिला ‘वन-वन-एट’ किंवा नुसते ‘एनई’ म्हणत. जपानी कौटुंबिक मोटारीचे यंत्र महाराष्ट्रात तयार होणाऱ्या सेडानमध्ये पहिल्यांदा आले ते या गाडीतून; फक्त ते युरोपी पत्र्याआड असल्यामुळे तिला कोणी जपानी गाडी म्हटले नाही. लोकांच्या लेखी ती फियाटच होती.

कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद दोशी (१८८२–१९५३) यांचा जन्म सोलापूरच्या गुजराती जैन कुटुंबात झाला. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी, हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन, वालचंदनगरचा साखर कारखाना, बंगळूरचा विमान कारखाना आणि विशाखापट्टणमची जहाजगोदी हे त्यांचे इतर उद्योग. देशात मोटारी बनवण्याची योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात मांडली होती व तिच्यासाठी मुंबईची जागा सुचवली होती. वालचंदांनी ती उचलून धरली. फोर्ड कंपनीकडून त्यांना प्रतिसाद मिळाला नाही. अमेरिकेच्याच क्रायस्लर कंपनीशी १९४० मध्ये करार झाला. ब्रिटिश सरकारला मात्र युद्धकाळात हिंदुस्थानात मोटार कारखाना नको होता. त्यामुळे प्रीमियरची स्थापना १९४४ पर्यंत लांबली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडायला १९४७ साल उजाडले. तोवर बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सची स्थापना (१९४२) होऊन गेली होती. पुढची चार दशके देशाचा मोटारबाजार मुख्यतः या दोन घरांत वाटला गेला, आणि महाराष्ट्रात तरी घरची गाडी म्हणजे फियाट हे समीकरण पक्के झाले.

सुरुवातीला कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या व फार्गो ट्रक जोडले जात. फियाटशी सहकार्य १९५१ पासून सुरू झाले. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार, देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच यापुढे वाव मिळणार होता. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी त्यानंतर आपले जोडणीचे कारखाने बंद केले आणि प्रीमियरचा मार्ग मोकळा झाला. फियाट ११०० ही छोटी गाडी १९५४ पासून येऊ लागली. तिचे ‘११०० डी’ हे रूप १९६४ चे. करार संपल्यावर फियाट हे नाव काढावे लागले, तेव्हा तीच गाडी काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून विकली गेली. १,०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगजवळचा हँडगिअर आणि पुढे सलग बाकासारखी सीट असलेली पद्मिनी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सर्वांना ठाऊक आहे. परवाना पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित आणि मागणी भरपूर असल्याने बुकिंग केल्यावर वर्षानुवर्षे थांबणे हा गाडी घेण्याचाच एक भाग होता. अशा बाजारात नवे मॉडेल काढण्याची निकड कारखान्याला वाटली नाही, यात नवल नाही.

ती निकड १९८० नंतर भासू लागली. पेट्रोलचे भाव चढले होते. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली आणि जपानी गाडी किती कमी पेट्रोल पिते, किती कमी कुरकुर करते, हे ग्राहकाने स्वतः पाहिले. सरकारही परदेशी सहकार्याला मंजुरी देताना इंधनबचतीवर भर देऊ लागले. मारुतीची भागीदार असलेल्या सुझुकीपाठोपाठ हलक्या मालमोटारींच्या क्षेत्रात डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, ऑल्विन-निसान आणि आयशर-मित्सुबिशी अशा जोड्या जमल्या. जुन्या मोटार कंपन्यांनी वेगळी वाट धरली. युरोपात निवृत्त झालेल्या गाडीचे साचे घ्यायचे आणि तिच्यात दुसरे इंजिन बसवायचे. हिंदुस्थान मोटर्सने व्हॉक्सहॉलच्या बॉडीची कॉन्टेसा काढली व पुढे तिच्यात इसुझूचे इंजिन घातले. प्रीमियरची ११८ एनई याच जातकुळीची.

फियाट १२४ मुळात १९६६ ची. १९६७ साली ती युरोपातील ‘वर्षाची सर्वोत्तम मोटार’ ठरली होती. त्या काळच्या मानाने तिच्यात नवे असे बरेच होते, विशेषतः मागच्या चाकांना पाटे न वापरता दिलेल्या कॉइल स्प्रिंग. या एका आराखड्यावर किती देश गाड्या बनवत होते, याची गणती उद्बोधक आहे. सोव्हिएत रशियात तोल्यात्तीच्या कारखान्यात ती ‘झिगुली’ झाली व निर्यातीसाठी ‘लाडा’, तुर्कस्तानात ‘मुरात’, आणि स्पेनमध्ये सेआट १२४. सेआटने ती १९६८ ते १९८० या काळात बनवली व मध्यंतरी इटालियन रेखाकार जुजारो यांच्याकडून तिला चौकोनी दिवे आणि सरळ कोपऱ्यांचा नवा चेहरा करून घेतला. ऐंशीच्या सुमारास सेआट आणि फियाट यांची फारकत झाली. साचे रिकामे पडले, आणि ते कुर्ल्याला आले. म्हणून ११८ एनईचा चेहरा फियाटच्या तुरीनमधील मूळ गाडीपेक्षा सेआटच्या बार्सिलोनातील गाडीशी अधिक जुळतो.

इंजिनाचा वंश याहून रंजक आहे. निसान मोटर कंपनीची स्थापना योशिसुके आयकावा यांनी १९३३ मध्ये केली, पण तिच्या गाड्यांची परंपरा १९१४ मधील ‘डॅट’ या मोटारीपर्यंत जाते. हे नाव तीन भांडवलदारांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून पडले : डेन, आओयामा, ताकेउची. तिच्यानंतरच्या छोट्या गाडीला ‘डॅटचा मुलगा’ या अर्थाने ‘डॅटसन’ म्हटले गेले. त्यातील ‘सन’ या इंग्रजी ‘पुत्रा’चा जपानी उच्चार ‘तोटा’ या अर्थाच्या शब्दासारखा होई, म्हणून लगेच ‘सूर्य’ या अर्थाच्या ‘सन’चे स्पेलिंग घेण्यात आले. देवनागरीत लिहिणाऱ्याला या बदलाचा पत्ताही लागत नाही. युद्धानंतर निसानने १९५२ मध्ये ब्रिटनच्या ऑस्टिन कंपनीशी तांत्रिक करार केला आणि तिच्या गाड्या जपानात बनवल्या. ऑस्टिनच्या दीड लिटरच्या इंजिनाचा स्ट्रोक कमी करून ९८८ सीसीचे छोटे इंजिन काढणे हे त्या शिकवणीतले पहिले ठळक फळ. ऑस्टिनचे ते दीड लिटरचे इंजिन ज्या कुळातले, त्याच कुळातले १,४८९ सीसीचे इंजिन आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडरमध्ये दशकानुदशके धावत राहिले. एकाच गुरूकडून शिकलेल्या दोघांपैकी जपान्यांनी विद्या पुढे नेली आणि आपण ती जपून ठेवली, असे म्हणणे कठोर असले तरी चुकीचे नाही.

१९६६ मध्ये निसानने ‘सनी’ ही कौटुंबिक सेडान काढली. तिचे नाव ठरवण्यासाठी लोकांकडूनच सूचना मागवल्या होत्या. टोयोटाच्या कोरोलाशी तिची थेट स्पर्धा होती आणि जपानच्या मध्यमवर्गाला स्वतःची मोटार मिळवून देण्यात या दोन गाड्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. सनीसाठी निसानने ‘ए’ मालिकेचे इंजिन नव्याने आखले. ब्रिटनमध्येही ‘ए’ मालिका होती, म्हणून पुष्कळांचा घोटाळा होतो; पण दोन्ही इंजिने वेगळी आहेत. १९७० मध्ये सनीची दुसरी पिढी आली, तिच्यातील १,१७१ सीसीचे इंजिन म्हणजे ए-१२. सिलिंडरचा व्यास ७३ मिमी, स्ट्रोक ७० मिमी, बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचे हेड, पुशरॉडने उघडणारे व्हॉल्व्ह, टायमिंगसाठी साखळी आणि क्रँकला पाच बेअरिंग. आधीच्या ९८८ सीसीच्या ए-१० ला तीनच होती. स्ट्रोक आखूड असल्याने हे इंजिन चढ्या फेऱ्यांना सहज जाई आणि पाच बेअरिंगमुळे थरथर कमी होई. रचना साधी असल्याने गल्लीतल्या गॅरेजमध्येही ते उघडता येई.

हेच इंजिन ११८ एनईत सुमारे ५२ अश्वशक्ती देई. पद्मिनीवरून उतरून या गाडीत बसणाऱ्याला फरक लगेच कळत असे. गिअर जमिनीवर, पुढे दोन स्वतंत्र सीटा, काचा मोठ्या, डिकी ऐसपैस, आणि इंजिनाचा आवाज लक्षणीय कमी. घाटात गिअर न बदलता अधिक अंतर काटता येई. गाडी मागच्या चाकांवर चालणारी होती. तिची दुखणीही होती. अॅल्युमिनियमचे हेड तापणे सहन करत नाही. रेडिएटरकडे दुर्लक्ष झाले की हेड वाकते आणि गास्केट जाते. बिडाच्या हेडच्या जुन्या इंजिनांवर हात बसलेल्या मेस्त्रींना हे ध्यानात यायला वेळ लागला. पत्रा तर कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत कोणत्याच गाडीचा टिकत नाही. खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या वसईसारख्या भागात दरवाजांच्या खालच्या कडा आणि फ्लोअर यांना गंज धरे.

गाडी बाजारात आली त्याच वर्षी एक आर्थिक घटना घडली. सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर येनचा भाव झपाट्याने वाढला आणि जपानहून सुटे भाग आणणाऱ्या प्रत्येक भारतीय कंपनीचे गणित बिघडले. तरीही मारुतीने १९९० मध्ये ‘मारुती १०००’ आणेपर्यंत आधुनिक म्हणावी अशी सेडान घेऊ पाहणाऱ्याला ११८ एनई आणि कॉन्टेसा याखेरीज फारसा पर्याय नव्हता. डॉक्टर, वकील, कारखान्यांतील अधिकारी हा तिचा ग्राहक. डिझेलचा जोर वाढल्यावर कंपनीने १९९६ च्या सुमारास पद्मिनीला इटालियन बनावटीचे डिझेल इंजिन बसवले आणि ११८ एनईचेही डिझेल रूप काढले. निसानचा जमिनीवरचा गिअर पुढे पद्मिनीच्या अखेरच्या ‘एस-१’ या रूपातही आला. हँडगिअरची पद्मिनी तिच्या म्हातारपणी धाकट्या बहिणीचे दागिने घालून वावरली.

एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. एस्टीम, सिएलो, अॅस्ट्रा, एस्कॉर्ट आणि १९९८ मध्ये होंडा सिटी व मित्सुबिशी लान्सर येत गेल्या. कार्बोरेटरची ११८ एनई त्यांच्यापुढे टिकण्यासारखी नव्हती. मूळ आराखडा तिशीत पोचला होता. कंपनीचे दुसरे प्रयत्नही फसले. १९९४ मध्ये फ्रान्सच्या पूजो कंपनीशी भागीदारी होऊन डोंबिवलीजवळच्या कारखान्यात ‘पूजो ३०९’ सुरू झाली. कामगार प्रश्न आणि भागीदारांतील बेबनाव यांमुळे १९९७ पर्यंत पूजो बाहेर पडली. कुर्ल्याचा कारखाना फियाटबरोबरच्या संयुक्त कंपनीकडे गेला व तेथे ‘उनो’ निघू लागली. कुर्ल्याच्या कारखान्याला कामगार चळवळीच्या इतिहासातही जागा आहे. कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या संघटनेचा येथे प्रभाव होता, आणि औद्योगिक तंट्यात दिवाणी न्यायालयाला कितपत अधिकार आहे याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा प्रीमियर ऑटोमोबाइल्स खटल्यातील निकाल कायद्याच्या अभ्यासक्रमात आजही शिकवला जातो. ११८ एनई आणि पद्मिनी यांचे उत्पादन शतक संपता संपता थांबले. कुर्ल्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटी उभी आहे, तर डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावरचे ‘प्रीमियर मैदान’ सभांमुळे वर्तमानपत्रांत येत राहते.

प्रीमियरने मोटारींच्या धंद्यात पुन्हा एकदा पाय टाकला तो २००९ मध्ये, पुण्याजवळ चिंचवड येथे. ‘रिओ’ ही छोटी एसयूव्ही चीनच्या झोटये कंपनीकडून घेतलेली असली तरी मुळात ती जपानच्या दायहात्सू टेरिओसची आवृत्ती होती, आणि सुरुवातीला तिच्यात पूजोचे दीड लिटरचे डिझेल इंजिन होते. म्हणजे पहिल्या प्रयोगात युरोपी बॉडीत जपानी इंजिन, तर दुसऱ्यात जपानी बॉडीत युरोपी इंजिन. दोन्ही वेळा स्वतःचा आराखडा नव्हताच, आणि कंपनीच्या अपयशाचे मूळ कारण येथेच शोधावे लागते. ज्या गाडीचे इंजिन ११८ एनईत आले, त्या निसान ‘सनी’चे नाव भारतात मोटारीवर आले ते २०११ मध्ये, चेन्नईजवळच्या कारखान्यातून. तोवर मराठी घरांत ‘सनी’ म्हणजे बजाजची छोटी स्कूटर होती.

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेबाहेर गेली व त्याची बातमी परदेशी वृत्तपत्रांनीही दिली. ११८ एनईच्या वाट्याला असा निरोप आला नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली आणि इंजिन, चॅसी व बॉडी मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. १९८५ ची ११८ एनई त्या पात्रतेला २०३५ मध्ये पोचेल. मधल्या काळात पेट्रोल वाचवण्यासाठी जिचे निसान इंजिन काढून दुसरे डिझेल इंजिन बसवले गेले, ती गाडी मात्र या यादीत बसणार नाही.