उजळणी आणि घोकंपट्टी

परीक्षा तोंडावर आली की शाळाशाळांत उजळणीचे वेळापत्रक लागते. अभ्यासक्रम कसाबसा संपवायचा आणि उरलेल्या पंधरवड्यात वर्षभराचे धडे पुन्हा वाचून काढायचे, असा या शब्दाचा आजचा व्यवहारातला अर्थ. जुन्या मराठी शाळेत उजळणी म्हणजे मुख्यतः अंक आणि पाढे, आणि ती रोज होत असे. तिला परीक्षेचा मुहूर्त लागत नसे. शब्द तोच राहिला, त्याची वेळ मात्र बदलली. या बदलात परीक्षेच्या तयारीची एक चांगली रीत आपल्या हातून सुटली. ती सुटण्यात एकोणिसाव्या शतकातल्या एका अनुदानपद्धतीचा वाटा मोठा होता, असे माझे म्हणणे आहे.

1829 च्या सरकारी मोजणीनुसार मुंबई इलाख्यात साधारण 1,700 शाळा आणि 35 हजारांच्या आसपास विद्यार्थी होते. त्यांतल्या बहुतेक शाळा गावोगावच्या पंतोजींच्या. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, मग बोरूने मोडीचा कित्ता काढायचा आणि त्याच्या जोडीने पाढे. हे पाढे नुसते बे ते तीसपर्यंतचे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचेही पाढे असत, कारण सोळा आण्यांचा रुपया आणि शेर-पायलीची मापे यांच्या बाजारात तेच लागत. शिकवण्याच्या या रीतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे परवचा. दिवेलागणीला मुलाने पुस्तक न पाहता पाढे म्हणायचे. कुठे अडले हे ऐकणाऱ्याला कळे आणि म्हणणाऱ्यालाही कळे. दुसरी म्हणजे मोठ्या मुलांनी धाकट्यांना सांगणे आणि त्यांच्याकडून म्हणवून घेणे. देशी शाळांमधल्या अशाच रीती मद्रासमध्ये पाहून अँड्र्यू बेल यांनी त्या तिथल्या अनाथाश्रमाच्या शाळेत वापरल्या आणि 1797 मध्ये लंडनमध्ये त्यावर पुस्तिका काढली. पुढे हीच पद्धत इंग्लंडमधल्या गरिबांच्या शाळांत पसरली. रोज थोडे आठवून म्हणायचे, चुकले तर तिथल्या तिथे दुरुस्त व्हायचे आणि त्या चुकीची नोंद कुठल्याही दप्तरात जायची नाही, असा हा क्रम होता.

नोंद सुरू झाली ती अनुदानाबरोबर. इंग्लंडमध्ये 1862 च्या नव्या नियमावलीने शाळेचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि अंकगणित या परीक्षांतल्या यशावर बांधले. निकालावर पैसे देण्याचे हे तत्त्व त्याच दशकात मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही लागू झाले. निरीक्षक येणार, एकेका मुलाची परीक्षा घेणार आणि उत्तीर्णांच्या हिशेबाने शाळेला रक्कम मिळणार. अशा वेळी शिक्षक काय करणार हे सांगायला ज्योतिषी नको. ज्या दिवशी पैसा ठरतो त्या दिवसासाठीच मुलांना घोटवायचे, कच्च्या मुलांकडून नेमलेल्या पुस्तकाची पाने पाठ करून घ्यायची. इंग्लंडमधले शाळा-निरीक्षक आणि कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी 1867 मध्येच बजावले होते की, मुलांना खरोखर वाचता-लिहिता येत नसतानाही हुशारीने तयारी करून त्यांना या परीक्षेतून पार करता येते. आपल्याकडे 1904 च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावात परीक्षांनी शिक्षणाला ग्रासल्याची तक्रार खुद्द सरकारने केली. तोवर शाळांना वळण लागून गेले होते. रोजची तपासणी वर्षाअखेरीच्या तयारीत विरून गेली.

यावर पहिला आक्षेप असा की, पंतोजींची शाळा तरी कुठे आदर्श होती? घोकंपट्टी तिथलीच, छडीही तिथलीच. आक्षेप खरा आहे आणि त्याला मोठी साक्ष आहे. 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी देशी शाळांचे वर्णन केले ते असे: थोडे पाढे, थोडे मोडी लेखन-वाचन आणि काही धार्मिक वेचे पाठ करून घेणे, शिक्षकांना शिकवण्याच्या कलेची ओळखच नाही. शिवाय मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले या शाळांच्या बाहेरच होती. तेव्हा ती शाळा परत आणावी असे कोणी म्हणू नये. घ्यायचे आहे ते तिचे वेळेचे गणित. काय पाठ करून घेतले हा एक प्रश्न आणि किती अंतराने, कोणत्या धाकाखाली विचारले हा वेगळा प्रश्न. पहिल्यात पंतोजी तोकडे पडले, छडीच्या बाबतीत तर चुकलेच. पण रोज विचारण्यात ते बरोबर होते.

दुसरा आक्षेप सार्वजनिक परीक्षेच्या बाजूचा. व्हर्नाक्युलर फायनल ही मराठी शाळेची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शेतकऱ्याच्या मुलाला मास्तरकीचा दरवाजा उघडला तो परीक्षेने. ओळखीपाळखीने तो उघडला नसता. हेही मान्य. शेवटची परीक्षा हवीच. वाद आहे तो तिच्याआधीच्या दहा महिन्यांबद्दल. तिसरा आक्षेप वर्गातल्या शिक्षकाचा: धडे संपत नाहीत, रोज विचारायला वेळ कुठला? त्याला 2006 मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग उत्तर देतो. एक उतारा काही विद्यार्थ्यांनी चार वेळा वाचला. काहींनी एकदा वाचून तीनदा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणाऱ्यांना 83 टक्के आठवले आणि लिहिणाऱ्यांना 71 टक्के. आठवड्यानंतर मात्र वाचणारे 40 टक्क्यांवर घसरले आणि लिहिणारे 61 टक्क्यांवर टिकले. पुन्हा पुन्हा वाचल्याने 'येते' असे वाटते ते त्या पाच मिनिटांपुरते. परीक्षेआधीच्या पंधरवड्यातली वाचन-उजळणी शिक्षकाला आणि मुलांना इतकी समाधानकारक का वाटते, याचे कारण याच आकड्यांत आहे.

म्हणून तयारी मार्चची वाट पाहत ठेवू नये. तासाच्या सुरुवातीला पुस्तके मिटून पाच प्रश्न विचारावेत: दोन कालच्या धड्यावरचे, दोन गेल्या महिन्यातले, एक पहिल्या सत्रातला. उत्तरे प्रत्येकाने वहीत लिहावीत, नाहीतर हुशार चौघेच बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात. उत्तरे लगेच सांगून ज्याची त्याने तपासावीत, कारण न सुधारलेली चूकही तितकीच पक्की होते. ज्याला आले त्याने शेजाऱ्याला समजावून सांगावे. या पाच प्रश्नांचे गुण मात्र कुठल्याही रजिस्टरात चढवू नयेत. ते चढवले की 1862 ची नियमावली वर्गात परत आली म्हणून समजा.