माथेरानचं ओझं

पर्यावरणस्नेही सहल म्हटली की मुंबई-पुण्याच्या माणसाच्या तोंडी पहिलं नाव येतं माथेरानचं. मोटार नाही, धूर नाही, हॉर्न नाही. माझं माहेर नेरळचं, म्हणजे माथेरानच्या पायथ्याचं. वडिलांचं किराणा दुकान होतं आणि वर जाणारा बराच माल आमच्या ओट्यावरून निघायचा. त्यामुळे माथेरान म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पॉइंट येत नाहीत. साखरेची पोती आणि तेलाचे डबे घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना सारखे बसावेत म्हणून दोर आवळणारे हात येतात. तो माल कुणीतरी वर नेत होतं, म्हणून वरच्या हॉटेलात चहा गोड होत होता.

पुस्तकांत या डोंगराची गोष्ट मे १८५० पासून सुरू होते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावी मुक्कामाला होते. सहज डोंगर चढले, हवा आवडली, पुढे येऊन त्यांनी घर बांधलं. याला माथेरानचा ‘शोध’ म्हणतात. धनगर, ठाकूर, कातकरी त्या डोंगरात आधीपासून राहत होते. त्यांना शोध लागला तो साहेबाचा. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लक्ष घातलं, वाटा आखल्या गेल्या, बंगले उठले. मुंबईहून निघालेली रेल्वे १८५६ साली खोपोलीपर्यंत आली आणि नेरळ त्या वाटेवर पडलं. साहेब, पारशी शेठ, बोहरी व्यापारी आगगाडीनं नेरळला उतरायचे. तिथून वर जायला घोडा, नाहीतर पालखी. पालखीला अर्थातच भोई. लोखंडी रुळांवरून आलेला माणूस शेवटचा टप्पा दुसऱ्या माणसाच्या खांद्यावरून गाठायचा, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं.

मग आली छोटी गाडी. मुंबईचे बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांना एकदा नेरळहून वर जायला काही साधन मिळालं नाही आणि त्यांनी हट्टानं रेल्वेच बांधायची ठरवली, अशी गोष्ट आमच्याकडे सांगतात. गोष्टीचं राहू द्या. काम मात्र खरं. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये ते हाती घेतलं आणि १९०७ मध्ये गाडी धावली. खर्च सोळा लाख रुपये, रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. वीस-एकवीस किलोमीटरची वाट, पण वळणं इतकी तीव्र की साधं इंजिन रुळांवर टिकलं नसतं. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीची खास इंजिनं आणली. त्यांचे कडेचे आस वळणाबरोबर थोडे सरकायचे. उतारावर ब्रेक लावणारी माणसं डब्यांमधून बसलेली असत आणि इंजिनाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर हातानं ब्रेक आवळत. आज या गाडीला ‘हरित वारसा’ म्हणून मिरवतात, पण १९८० च्या दशकापर्यंत ती कोळसा खात होती आणि खिडकीशी बसलेल्याच्या डोळ्यांत कोळशाची कणी जायचीच.

गाडी वर्षभर सगळ्यांना पुरेल अशी कधीच नव्हती. पावसाळ्यात ती बंद, २६ जुलै २००५ च्या पुरात तर रूळच वाहून गेले, नंतर डबे घसरले म्हणून पुन्हा बंद. नेरळपासून थेट वरपर्यंतची फेरी २०२२ च्या ऑक्टोबरात परत सुरू झाली. त्याच्या बऱ्याच आधी घाटरस्ता झाला होता, टॅक्स्या दस्तुरी नाक्यापर्यंत चढू लागल्या होत्या. तिथं मात्र मोटारीला थांबावं लागतं. पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा, अलीकडेपर्यंत, हातरिक्षात. ही वाहनबंदी इंग्रजांच्या काळापासूनची. २००३ मध्ये केंद्र सरकारनं माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, तेव्हा तिला आणखी बळ आलं. ते झालं नसतं तर आज दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंत गाड्यांची रांग लागली असती, याबद्दल मला शंका नाही. महाबळेश्वरला मे महिन्यात जाऊन या, म्हणजे कळेल.

पण बंदीची किंमत कुणी भरली, हे सहलीच्या माहितीपत्रकात नसतं. हातरिक्षा चढावर एक जण पुढून ओढायचा, एक-दोघं मागून ढकलायचे. लाल मातीत पाय घसरायचा, पावसात तर विचारूच नका. सिलिंडर, सिमेंट, गाद्या, भाजी सगळं घोड्याच्या नाहीतर माणसाच्या बळावर. प्रवासी नेणारे घोडेच चारशेवर. मुंबईच्या माणसाला शुद्ध हवा मिळत राहिली, कारण रायगड जिल्ह्यातल्या गरिबाची मजुरी पेट्रोलपेक्षा स्वस्त होती. माझ्या मते माथेरानच्या इतिहासातलं सगळ्यात कमी बोललं गेलेलं वाक्य हेच.

माणसांचंही तसंच. याच गावात १९१२ साली स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल जन्मले, नाभिक घरात. वकिली शिकले, नगरपालिकेत गेले, शेतकऱ्यांची सावकाराच्या तावडीतून सुटका व्हावी म्हणून धान्यकोठ्या काढल्या आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. सहलीला येणाऱ्यांतले किती जण त्यांचं नाव घेतात? इथल्या शार्लट लेकवर सेल्फी मात्र सगळे काढतात.

हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच शेवटी कोर्ट गाठलं. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं ई-रिक्षांचा प्रयोग करायला परवानगी दिली, डिसेंबरात त्या धावल्या, शाळेची पोरंही त्यांत बसली. घोडेवाल्यांनी विरोध केला. त्यांची भीती खोटी नाही. त्यांच्याही घरी चूल आहेच. ई-रिक्षेसाठी पेव्हर ब्लॉक टाकले तर पाणी मुरणार कुठं, घोड्यांचे पाय घसरणार नाहीत का, हाही वाद झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं हातरिक्षा अमानुष ठरवली, सहा महिन्यांत ती बंद करून ओढणाऱ्यांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा, असं राज्याला सांगितलं. परवानाधारक ओढणारे होते ९४. चौऱ्याण्णव माणसांचा प्रश्न सोडवायला स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षं लागावीत, ही लाज आपली सगळ्यांची आहे. ‘निसर्ग जपायचाय’ म्हणून ती झाकता येत नाही.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. नेरळहून छोट्या गाडीचं तिकीट मिळालं तर उत्तम, नाहीतर दस्तुरीहून चाला. सावली दाट आहे. नेलेली प्लास्टिकची बाटली खाली परत आणा, कारण तुम्ही टाकलेला कचराही कुणालातरी वाहावाच लागतो. पिशवी स्वतः उचलण्याइतकीच भरा, आणि हमालाला दिलीत तर पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नका.