छपरातली गोधडी

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर ओळखीच्या एका आजींकडे गेलो होतो. मिनेसोटातल्या आमच्या गावाबाहेर मोबाईल होमची वसाहत आहे, तिथे त्यांचं १९७४ सालचं घर. लांबट, पत्र्याचं, आगगाडीच्या डब्यासारखं. दोन माणसं छपरावर काम करत होती. त्यांनी पत्र्याच्या कडेचे स्क्रू काढून पत्रा वीतभर उचलला होता, खाली लाकडी ठोकळे सरकवले होते आणि फटीतून एक लांब नळी आत घातली होती. नळीतून हवेच्या जोराने फायबरग्लासचा कापूस छपराच्या पोकळीत जात होता. भरत जाईल तशी नळी मागे ओढायची. थेट गादीत कापूस भरल्यासारखं!

"इतकी वर्षं काय होतं आत?" मी विचारलं.

"दोन बोटं इन्सुलेशन," आजी म्हणाल्या. "बाकी हवा."

उणे वीस-पंचवीस तापमानाच्या प्रदेशात पन्नास वर्षं हवा? घरी येऊन वाचत बसलो, आणि लक्षात आलं की याचं उत्तर छपरात नाही, कागदपत्रांत आहे.

मोबाईल होमची सुरुवात खरोखरच गाडीपासून झाली. १९३० च्या दशकात लोक मोटारीमागे ट्रेलर ओढत सहलीला जायचे. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांच्या गावी कामगारांना घरं पुरेनात, तेव्हा ट्रेलरमध्येच संसार थाटले गेले. रस्त्याच्या नियमांमुळे रुंदी आठ फुटांचीच. १९५० च्या दशकाच्या मध्यावर विस्कॉन्सिनच्या एल्मर फ्रे यांनी दहा फुटी घरं पुढे आणली. ‘मोबाईल होम’ हा शब्दही त्यांच्याच नावावर जमा आहे. आता ही घरं राहण्यासाठीच होती, एकदा जागेवर बसली की बहुतेक पुन्हा हलत नसत. पण कायद्याच्या नजरेत ती गाडीच राहिली. आमच्या राज्यात त्यांच्या मालकीचा कागद आजही वाहन खातं देतं. आणि गाडीला गोधडी कोण घालतं?

इंधन स्वस्त होतं तोवर हे खपून गेलं. एकट्या १९७२ साली अशी पाच लाखांहून जास्त घरं कारखान्यांतून बाहेर पडली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं आणि काही महिन्यांत तीन डॉलरचं पिंप बाराच्या घरात गेलं. १९७४ मध्ये कायदा झाला. १५ जून १९७६ पासून बनणाऱ्या प्रत्येक मोबाईल होमला देशभर एकच नियमावली लागू झाली, त्यात घरातली ऊब टिकवण्याचे किमान निकषही आले. अशा घराच्या बाहेर एक छोटी लाल पट्टी असते. आजींच्या घराला ती नाही. दोन वर्षांनी हुकली.

आधी बांधलेल्या लाखो घरांचं काय? नियम मागे जाऊन कुणाचं छप्पर भरत नाही. त्यांच्या वाट्याला त्याच १९७६ मध्ये मंजूर झालेली केंद्र सरकारची वेदरायझेशन योजना आली. गरीब कुटुंबांच्या घरातली ऊब सरकारी खर्चाने वाचवायची, अशी ही योजना. फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर लोकरी स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि थर्मोस्टॅट दिवसा ६५, रात्री ५५ अंशांवर ठेवा म्हणाले (फॅरनहाइट हं!). पण नेहमीच्या घरात पोटमाळ्यावर चढून इन्सुलेशन पसरता येतं. इथे पोटमाळाच नाही. मधोमध जेमतेम फूटभर आणि कडेला काही इंचांची पोकळी. १९८० च्या दशकात कोलोरॅडोतल्या गोल्डन इथल्या सौरऊर्जा संशोधन संस्थेने मोबाईल होमवरचे उपाय एकेक करून मोजले, तेव्हा या घरांना स्वतःची वेगळी पद्धत लागते हे आकड्यांत दिसलं.

ती पद्धत मी डोळ्यांनी पाहिली. वर्तमानपत्रांच्या रद्दीचं सेल्युलोज स्वस्त, पण जड आणि ओल धरणारं. इथलं पातळ सिलिंग त्या वजनाने खाली झुकायचं. म्हणून हलकं फायबरग्लास. त्याआधी दिव्यांभोवतीच्या आणि धुराड्याजवळच्या फटी आतून बंद करायच्या. नाहीतर स्वयंपाकघरातली वाफ वर जाते, गार पत्र्याला लागते आणि पाणी होऊन टपकते.

१९९४ मध्ये नव्या घरांचे निकष कडक झाले. ते आणखी सुधारा, असं २००७ च्या कायद्याने सांगितलं. नियम निघाला २०२२ मध्ये, आणि २०२३ मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. यावर एक नेहमीचा आक्षेप : घर महाग होईल. खोटं नाही ते. पण वाचलेले पैसे घर घेताना एकदा दिसतात, आणि गॅसचं बिल दर हिवाळ्यात येतं.

आजी गेली कित्येक वर्षं नोव्हेंबर ते मार्च मागची झोपायची खोली बंद करून, हॉलमध्ये सोफ्यावर झोपायच्या. प्रोपेनची टाकी पुरवायची म्हणून. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरंच, पण पांघरूणच दिलं नाही त्याचं काय करायचं?

जानेवारीत फोन केला तेव्हा सहज विचारलं, फरक वाटतो का? म्हणाल्या, जमिनीतून गारठा येतोच अजून, ते काम पुढच्या वर्षी. पण मागच्या खोलीचं दार उघडं आहे.

असो. पन्नास वर्षं लागली, इतकंच.