दोन तारा की तीन?

जुन्या डिझेल ट्रकचा वेग किंवा फिरणं मोजणारा सेन्सर तपासायला घेताना आधी त्याच्या तारा मोजाव्यात. त्यावरून बहुधा त्याचं कूळ कळतं आणि कुळावरून तपासणीची रीत ठरते.

दोन तारांचं कूळ लंडनचं. १७ ऑक्टोबर १८३१ रोजी मायकेल फॅरडेनं तारेच्या पोकळ वेटोळ्यात चुंबकाची कांडी झटकन सारली आणि मीटरची सुई हलली. कांडी आत थांबली की सुई जागेवर. बाहेर ओढली की उलट्या बाजूला. वीज मिळते ती हालचालीतून, हे त्यानं दाखवलं. आजच्या दोन तारांच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि वेटोळं दोन्ही स्थिर असतात, समोर पोलादी दातेरी चक्र फिरतं. दाता जवळ येतो, दूर जातो, वीज उमटते. बाहेरून वीज द्यावी लागत नाही.

तीन तारांचं कूळ बाल्टिमोरचं. १८७९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला विद्यार्थी एडविन हॉल सोन्याच्या वर्खातून वीज सोडत होता. वर्ख चुंबकासमोर धरला, तेव्हा प्रवाहाला आडव्या दिशेनं किंचित व्होल्टेज मिळालं. ते इतकं क्षीण होतं की यंत्राच्या कामी यायला अर्धवाहकांचा काळ उजाडावा लागला. या सेन्सरला चुंबक हलतोय की नाही याची पर्वा नसते, पण वीज पुरवावी लागते: एक तार पुरवठ्याची, एक अर्थिंगची, एक सिग्नलची.

डिझेल इंजिनाला बराच काळ यातलं काहीच लागलं नाही. बॉशचे इंधनपंप १९२७ पासून निघू लागले. वेगावर ताबा गव्हर्नरच्या फिरत्या वजनांचा. स्पीडोमीटर चाले तो गिअरबॉक्सपासून आलेल्या केबलनं. केबल तुटली, तर हातात घेऊन पाहता यायची.

१९९४ ते २००३ या काळातल्या अमेरिकन फोर्ड ७.३ लिटर डिझेलमध्ये दोन्ही कुळं एकत्र नांदतात. कॅमचा सेन्सर हॉलचा. तो गेला की चालतं इंजिन पटकन बंद पडतं. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हललाच नाही, तर पहिला संशय याच्यावर. तिथले कितीतरी मालक एक जादा सेन्सर आणि दहाचा पाना गाडीतच ठेवतात. याचे ओहम मोजण्यात अर्थ नाही. चावी फिरवून पुरवठा आणि अर्थिंग पाहायचं, मग सेल्फ मारताना सिग्नल बदलतोय का ते.

मागच्या डिफरेन्शियलवरचा स्पीड सेन्सर मात्र फॅरडेचा. याचे ओहम जरूर मोजावेत, पण तेवढ्यावर थांबू नये. पुढच्या चाकांना ओट लावून मागची दोन्ही चाकं उचलायची, न्यूट्रलमध्ये प्रोपेलर शाफ्ट हातानं फिरवायचा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवायचा. शाफ्ट जोरात फिरवला की आकडा वाढला पाहिजे. १८३१ चाच प्रयोग आहे हा. आकडा येत नसेल तर सेन्सर काढून टोक पाहावं. चुंबक असल्यामुळे तेलातला लोखंडी कीस तिथे चिकटतो आणि सिग्नल बिघडवतो.

बिघाडाचा कोड आला म्हणून थेट नवा सेन्सर बसवणं मला मुळीच पटत नाही. कोड फक्त सर्किट सांगतो. घासलेली तार, गंजलेला कनेक्टर, तुटका दाता यांची नावं त्यात नसतात. शिवाय वेटोळ्यातली चीर कधी कधी गरम झाल्यावरच उघडते. थंड गाडीवर असा सेन्सर निर्दोष ठरतो, म्हणून तक्रार तापल्यावरची असेल तर मीटरही तापलेल्या सेन्सरलाच लावावा.